ब तुकडीचं लायसिन

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर लोकांना वाटतं मी आईवडिलांचं नाव घेईन, नाहीतर माझ्या मार्गदर्शक सरांचं. त्यांचं ऋण आहेच. पण माझ्या नावापुढची दुसरी पदवी ज्यांच्यामुळे लागली, आणि ज्यांच्यामुळे ती जवळजवळ लागणारच नव्हती, ते एकच गृहस्थ आहेत. सुभेदार. त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही, कारण पाटण तालुक्यात ते कुणी वापरतच नाही. समोर सगळे 'सुभेदारसाहेब' म्हणतात आणि पाठीमागे 'डुकरांचा सुभेदार'. दोन्ही त्यांना ठाऊक होतं. "मागनं म्हणत्यात त्येच बरं," ते म्हणायचे, "त्येच्यात पोस्टिंगबी कळतंय."

मी कुंडलचा. वडील साखर कारखान्याच्या गोदामात पोती उचलायचे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. जनावरांचा डॉक्टर झालो तेव्हा वडिलांनी आळीत पेढे वाटले. मग मी पुढच्या पदवीला नाव घातलं. विषय वाटताना गाई, म्हशी, शेळ्या आणि कोंबड्या माझ्याआधीच्यांनी उचलल्या. माझ्या वाट्याला उरली ती डुकराची पिल्लं. 'दूध तुटलेल्या पिल्लांच्या आहारातील प्रथिने व लायसिनची गरज' असं माझ्या प्रबंधाचं नाव होतं. आईने शेजारणींना सांगितलं, "पोरगं जनावरांच्या जेवणाचा अभ्यास करतंय." जनावर कोणतं, ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

अभ्यासाला पिल्लं हवीत. सातारा आणि सांगली मिळून मी नऊ ठिकाणी हात जोडले. कुणी म्हणालं विकायची आहेत, कुणी म्हणालं रोग आणशील. एकाने तर पाणीसुद्धा विचारलं नाही. पाटणच्या अलीकडे एक फौजी आहे, जरा विचित्र आहे, पण बघ, असं कुणीतरी सांगितलं. म्हणून मी एस.टी.ने उतरलो आणि गावात पत्ता विचारला. पारावरचा एक माणूस म्हणाला, "सरळ जा. वास आला नाही तर समजायचं पोचला."

हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. गोठा खरंच इतका स्वच्छ होता. फाटकात औषधाच्या पाण्याचा हौद होता आणि त्यात पाय बुडवल्याशिवाय आत सोडत नसत. मी चप्पल काढून बाजूला ठेवायला लागलो तर आतून आवाज आला, "चप्पलसकट! पायाला रोग न्हाई, चपलीला हाय!" ह्याच हौदात त्यांनी एकदा तहसीलदारांचे नवे बूट बुडवले होते. तहसीलदार पुन्हा आले नाहीत. सुभेदारांच्या मते ती तपासणी उत्तम झाली.

निवृत्तीआधी ते बरीच वर्षं ईशान्येकडे होते. तिकडे घरोघरी डुकरं पाहिली, आणि पेन्शन बसल्यावर इथे येऊन माळावर गोठा घातला. गावाने तोंड फिरवलं. एस.टी.त त्यांच्या शेजारची जागा कायम रिकामी राहायची. "नोकरीभर उभ्यानं परवास केला," ते सांगत, "आता डुकरांच्या किरपेनं पाय पसरून जातो." घरात त्यांच्या पत्नीचा, म्हणजे काकूंचा, नियम होता की गोठ्यातून आल्यावर मागच्या दारी आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आणि गोठ्याचा सुभेदारांचा स्वतःचा नियम होता की आंघोळ केल्याशिवाय पिल्लांत जायचं नाही. "हिला वाटतंय डुकरं घाण, डुकरांना वाटतंय माणूस घाण. मधल्यामधी साबण संपतोय माझा."

गोठ्यात सगळं फौजेचं होतं. सकाळी सहाला गिनती. पिल्लांना नावं नव्हती, कानाला बिल्ल्यावर नंबर होता. प्रत्येकाला 'नग' म्हणायचे. "नाव दिलं की माया लागती, आनि माया लागली की गाडीत चढवताना मोजता येत न्हाई." तरीही व्यापाऱ्याची गाडी यायच्या दिवशी त्यांचं पाटणला पेन्शनचं काम निघायचं. पेन्शन महिन्यातून एकदा होती आणि गाडी कधीही येई, पण काम मात्र बरोबर त्याच दिवशी निघायचं. माल काकू मोजून देत. काकूंना ते क्वार्टरमास्तर म्हणत, कारण गोदामाची, खाद्याची आणि घरातल्या साखरेच्या डब्याची किल्ली त्यांच्या कमरेला असायची.

आणि एक रजिस्टर होतं. लाल पुठ्ठ्याचं, जाडजूड. गोठ्यात जे घडेल ते त्यात लिहायचं. पाऊस किती वाजता आला, कोणता नग शिंकला, पाहुणा कोण आला, हौदात पाय बुडवताना काय म्हणाला. "जे लिहिलं न्हाई, ते झालंच न्हाई," हे त्यांचं ब्रीदवाक्य. तोंडी सांगितलेलं ते ऐकून घेत, पण मानत नसत.

पहिल्या दिवशी मी माझा अर्ज समोर ठेवला. चोवीस पिल्लं, सहा आठवडे, दर सोमवारी वजन. त्यांनी तो वाचला, मग मला वाचलं, वरून खालपर्यंत.

"जेवतोस का न्हाई रं?"

"जेवतो की."

"चढ काट्यावर."

पिल्लांना तोलायचा पिंजऱ्याचा काटा होता. त्यात मी अंग चोरून उभा राहिलो. माझं आयुष्य वसतिगृहात गेलं. तिथे डाळ नावाचं जे असायचं त्यात ताटाची नक्षी दिसायची. काट्याने अठ्ठेचाळीस किलो दाखवलं. सुभेदारांनी रजिस्टर उघडलं. 'नग पंचवीस. डॉक्टर, मुक्काम कुंडल. वजन ४८.' आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'वाढ खुंटलेली.'

"क्वार्टरमास्तर!" त्यांनी हाक मारली. "आजपास्नं दोन अंडी. उकडून. डॉक्टरला."

मी म्हणालो, "अहो, नको नको."

"विचारलं न्हाई. सांगितलंय."

अशा रीतीने माझं संशोधन सुरू झालं.

त्या संशोधनाचा मुद्दा सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. दूध तुटलेलं पिल्लू झपाट्याने वाढतं आणि त्या वाढीला प्रथिनं लागतात. प्रथिनं म्हणजे एकच वस्तू नव्हे. ती अमिनो आम्लं नावाच्या तुकड्यांची बनलेली असतात, आणि ते सगळे तुकडे ठरलेल्या प्रमाणात लागतात. आपल्याकडे पिल्लांना मका आणि शेंगपेंड देतात. पोट भरतं, कागदावर प्रथिनंही पुरेशी दिसतात, पण त्यात लायसिन नावाचा तुकडा कमी पडतो. तो कमी पडला की बाकीचे कितीही असले तरी अंगी लागत नाहीत, लघवीवाटे निघून जातात. हे मी सुभेदारांना पाऊण तास समजावलं, आकृती काढून. ते म्हणाले, "गस्तीवर धा जवान गेले, तर तुकडी कुनाच्या चालीनं चालती? सगळ्यात हळू चालतोय त्येच्या. ह्यो लायसिन म्हंजी त्यो हळू चालनारा. व्हय का न्हाई?"

मी आजही वर्गात हेच उदाहरण देतो. माझ्या आकृतीपेक्षा ते मुलांना लवकर कळतं.

पिल्लांचे दोन गट पाडायचे होते. दोघांना मका, शेंगपेंड, गव्हाचा कोंडा आणि क्षार तेच. फक्त 'अ' गटाच्या खाद्यात लायसिनची पावडर. सहा आठवड्यांनी दोघांच्या वजनातला फरक म्हणजे माझा प्रबंध. 'गट' हा शब्द सुभेदारांना आवडला नाही, त्यांनी 'अ तुकडी' आणि 'ब तुकडी' केलं.

"आनि ब तुकडीला पावडर कवा?" त्यांनी विचारलं.

"ब तुकडीला नाही."

"उद्याच्याला?"

"कधीच नाही. त्यांना नाही दिलं तरच कळणार ना, लायसिनने काय होतं ते."

त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. मला ते ओळखता यायला हवं होतं. सुभेदार गप्प बसले तर ते पटलंय म्हणून नसतं.

सोमवार ते गुरुवार मी गोठ्यावरच्या खोलीत राहायचो. आठवड्याचं खाद्य मिसळून पोत्यांवर अ आणि ब लिहायचो. शुक्रवारी एस.टी.ने कॉलेजला जायचो. तीन दिवस सगळं सुभेदारांवर. दर सोमवारी वजनं व्हायची. चोवीस नग झाले की ते म्हणायचे, "पंचवीस!" आणि मी पिंजऱ्यात चढायचो. अठ्ठेचाळीसचं एकोणपन्नास झालं. शेरा आला, 'सुधारणा मंद.' मंद होती कारण एक अंडं मी कधीकधी खिशात ठेवून कुत्र्याला द्यायचो. तिसऱ्या आठवड्यात शेरा आला, 'नग पंचवीस कुत्र्याला अंडे देताना आढळला. ताकीद.'

दुसऱ्या सोमवारी दोन्ही तुकड्या जवळजवळ सारख्या भरल्या. मला वाटलं, अजून लवकर आहे. तिसऱ्यालाही तेच. मला वाटलं, काटा बिघडलाय. काटा दुरुस्त केला. चौथ्या आठवड्यात पावडरचा डबा तळाला गेला. मी मोजून आणली होती सहा आठवड्यांची. मला वाटलं, मीच मोजताना चुकलो. कॉलेजमधून आणखी एक डबा मांडीवर घेऊन मी पाटणच्या गाडीत बसलो. पाचव्या आठवड्यातही दोन्ही तुकड्या अशा सारख्या की जुळी भावंडं वाटावीत.

सरांना फोन केला. सर मूळचे वाईचे, मऊ बोलणारे. मऊ बोलतात तेव्हाच जास्त लागतं.

"दोन्ही गट सारखे? म्हणजे पिल्लांना लायसिनची गरज नसते, असा शोध तू लावलास. वा! आता जगातली सगळी पुस्तकं परत मागवावी लागतील."

"सर, काहीतरी चुकतंय."

"ते मलाही कळतंय. दिवाळीच्या आत प्रबंध यायला हवा. डिसेंबरात मी निवृत्त होतोय. मग तुझा विषय दुसरे कुणी घेतील की नाही, मला सांगता येत नाही."

एका कॉलेजात शिकवायची जागा मला जवळजवळ मिळाली होती, पण ती ह्या पदवीवर अडून होती. पदवी नाही तर परत कुंडल. वडिलांनी गोदामातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगं दिवाळीनंतर प्रोफेसर होणार. पोती उचलणाऱ्या माणसाने एवढं एकच वाक्य मिरवलं होतं.

सहाव्या सोमवारी शेवटची वजनं झाली. सारखीच. मी रडवेला होऊन विचारलं, "सुभेदारसाहेब, पावडरचा डबा इतका लवकर कसा संपतो हो?"

"रजिस्टर बघ," ते म्हणाले.

सहा आठवडे ते रजिस्टर माझ्या डोळ्यांसमोर खुंटीला टांगलेलं होतं. माझी वही वेगळी होती. त्यांचं उघडून बघणं मला उद्धटपणाचं वाटलं होतं. आता उघडलं. पहिल्या आठवड्याच्या शुक्रवारी, सुबक अक्षरात:

'सकाळी सहा. गिनती पूर्ण. ब तुकडीला पावडर, सपाट चमचे चार. डॉक्टरला कळवले नाही.'

शनिवार: 'तेच. कळवले नाही.'

पुढचा सोमवार: 'डॉक्टर हजर. ब तुकडीला पावडर डॉक्टर चहाला गेल्यावर.'

बुधवार: 'डॉक्टर चहाला जाईना. त्यास क्वार्टरमास्तरकडे अंड्यासाठी पाठवले. पावडर दिली. नग सतरा खुश.'

असं रोज. एकही दिवस चुकलेला नाही. गुन्हा गुपचूप केला होता, पण नोंद चोख ठेवली होती. चमचेही अ तुकडीच्या हिशेबाने तंतोतंत काढले होते, मी केलं असतं तर इतकं अचूक झालं नसतं.

मी त्यांच्यावर ओरडलो. मी कुणावर ओरडणारा माणूस नाही, त्यामुळे मला ते नीट येतही नव्हतं. "तुम्ही माझं वर्ष बुडवलंत! मी सांगितलं होतं तुम्हाला, ब ला द्यायचं नाही म्हणून! तुम्हाला कळत नाही तर विचारायचं होतं!"

"कळत हुतं," ते म्हणाले. ते सावधानमध्ये उभे होते, हात मांड्यांना चिकटवून. माझ्यासमोर. त्यांचं वय माझ्या वडिलांहून जास्त. "कळत हुतं म्हनूनच गुपचूप दिलं."

"मग का दिलंत?"

"डॉक्टर, लंगर एक असतोय. फौजेत सायबाच्या ताटात जे, तेच जवानाच्या. एकदा वर, चौकीवर, रसद अर्धीच आली. आमच्या हवालदारानं अर्ध्यास्नी मटन घातलं आनि अर्ध्यास्नी डाळ. म्हनला, उद्या उलटं करू. उद्या रसद आलीच न्हाई. दोन म्हैनं एकाच बरॅकीत ती पोरं एकमेकांशी बोलली न्हाईत. हितं मधी नुसती जाळी हाय. ब वाली अ कडं बघत हुती रं. मला न्हाई जमलं."

"अहो, त्यांना काय कळतंय कुणाच्या खाद्यात काय आहे ते!"

"मला कळत हुतं की."

मी मक्याच्या पोत्यावर बसून रडलो. सुभेदार सावधानमध्येच. काकू बाहेर आल्या, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे.

"आवं, काय केलंसा पोराचं?"

"गुन्हा," सुभेदार म्हणाले. "सजा डॉक्टर सांगतील."

"सजा कसली! परत करून द्या की त्येचं त्येला!"

परत करायचं म्हणजे पुन्हा चोवीस पिल्लं हवीत, एकाच वयाची, आत्ता. तशी चोवीस पिल्लं गोठ्यात होती. नुकतंच दूध तुटलेली. पण ती गोव्याच्या व्यापाऱ्याला कबूल केलेली होती, आणि सुभेदारांनी दिलेला शब्द फिरवल्याचं गावात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्यांनी फोन लावला. मी समोरच होतो.

"गाडी पाठवू नका. न्हाई, मेली न्हाईत. न्हाई, दुसऱ्याला दिली न्हाईत. शब्द फिरवतोय. व्हय. मीच. का म्हंजी? डॉक्टरचं वर्ष हाय त्येच्यात." पलीकडून बरंच काही ऐकून घेतलं, मग म्हणाले, "शिव्या लेखी पाठवा. चिकटवून ठेवतो."

आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'आज शब्द मोडला. पहिल्यांदा.'

दुसऱ्या फेरीत पावडरचा डबा काकूंच्या लोखंडी कपाटात गेला, त्यांच्या लग्नातल्या शालूखाली. किल्ली कमरेला. सुभेदारांनी स्वतःच तसा हुकूम काढला होता. "माझ्यावर भरवसा ठेवू नका. मला माझी सवय म्हाईत हाय."

एवढ्यावर ते थांबले नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी ताट पुढे सरकवलं. "ब तुकडीला जे न्हाई, ते मलाबी न्हाई. मका आनि शेंगदाणं. सहा आठवडं. दूध न्हाई, अंडी न्हाई, डाळ न्हाई."

"म्हंजी?" काकू म्हणाल्या.

"मक्याची भाकरी आनि शेंगदाण्याची चटणी. कोई शक?"

मी समजावलं की मोठ्या माणसाला वाढायचं नसतं, त्यामुळे त्याला लायसिन पिल्लाइतकं लागत नाही. प्रयोगाचा आणि त्यांच्या जेवणाचा काही संबंध नाही. ते म्हणाले, "संबंध हाय. उपाशी तुकडीचा कमांडर पोट भरून झोपत न्हाई." माझी दोन अंडी मात्र चालू राहिली. मी म्हणालो, मग मलाही नकोत. ते म्हणाले, "तू ब तुकडीत न्हाईस. तू कुठल्याच तुकडीत न्हाईस. खा."

त्या सहा आठवड्यांत त्यांना बघणं अवघड होतं. अ तुकडी गुटगुटीत होत चालली. ब तुकडी पेंड चघळायची, पोटं भरलेली असायची, पण अंग भरत नव्हतं. मला हवं तेच घडत होतं, आणि मला ते गोड वाटत नव्हतं. सुभेदार संध्याकाळी ब च्या जाळीपाशी पाट टाकून बसत, मांडीवर भाकरी घेऊन. एकदा मी ऐकलं, ते नग सत्तावीसला सांगत होते, "धीर धर गड्या. डॉक्टर होतोय त्यो. त्येच्यासाठी."

काकू एकदा चुलीपाशी मला म्हणाल्या, "डॉक्टर, ते सोयाबीन आसतंय न्हवं, त्येच्यात तुमचं लायसिन आसतंय का वो?"

"असतं की. चांगलं असतं."

"भाजून दळलं तर जातंय?"

"थोडं कमी होतं. बरंचसं राहतं."

"बरं," त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

दर सोमवारी ब तुकडीच्या वजनानंतर सुभेदार स्वतः काट्यावर चढत. चौथ्या आठवड्यानंतरही त्यांचं वजन पावशेरानेही हललं नाही. "बघ," ते छाती काढून म्हणाले. "ब वाली वाळली, मी हाय तसा. फौजी हाड! डॉक्टर, लिहून ठेव तुझ्या प्रबंधात, फौजीला लायसिन लागत न्हाई."

मी काकूंकडे बघितलं. काकू गोदामाचं कुलूप पुसत होत्या.

सहाव्या सोमवारी शेवटचं पिल्लू काट्यावरून उतरलं. फरक इतका ढळढळीत होता की गणित करायच्या आधीच दिसत होता. मी वहीत आकडा लिहिला आणि पेन बंद केलं. सुभेदारांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"झालं?"

"झालं."

"सही कर."

मी सही केली. ते काकूंकडे धावले. पंचाहत्तरीच्या आसपासचा माणूस त्या माळावरून पळताना मी त्या दिवशी पाहिला. डबा घेऊन आले आणि ब तुकडीच्या खाद्यात पावडर मिसळायला लागले. चमचा मोजला नाही. त्या एकाच दिवशी मोजला नाही. मग मागच्या दारी आंघोळ करून आले, आणि काकूंनी त्यांच्यासमोर दोन अंडी ठेवली. त्यांनी त्यातलं एक माझ्या ताटात टाकलं. माझी धरून तीन झाली.

दिवाळीच्या चार दिवस आधी प्रबंध गेला. सर म्हणाले, "आता पुस्तकं परत मागवायची गरज नाही." प्रबंधाच्या सुरुवातीला आभार असतात. त्यात मी सुभेदारांचं नाव घातलं होतं, पिल्लं आणि जागा दिल्याबद्दल. बाकीचं घालता आलं नाही, प्रबंधाला तेवढी मुभा नसते.

निघताना मी त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "फोन करू नको. तोंडी रिपोर्ट मी धरत न्हाई. नोकरी लागली की लेखी पाठव."

म्हणून नोकरी लागल्यावर पहिल्या महिन्यात मी हे पत्र पाठवलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे. नक्कल ठेवायची सवयही त्यांचीच.

*

आदरणीय सुभेदारसाहेब यांस,
सा. न. वि. वि.

नग पंचवीसचा रिपोर्ट पुढीलप्रमाणे.

पदवी मिळाली. कॉलेजात रुजू झालो. वडील पहिल्या दिवशी सोबत आले होते, वर्गाबाहेर उभे राहून संपूर्ण तास ऐकला. तास पिल्लांच्या आहाराचा होता. घरी जाऊन आईला म्हणाले, काही कळलं नाही, पण पोरगं थांबलं नाही कुठं.

पहिल्या तासाला मी गस्तीच्या तुकडीचं उदाहरण दिलं. एका मुलीने विचारलं, सर, मग हळू चालणाऱ्याला मागे सोडून पुढे गेलं तर? मी म्हणालो, तसं करू न शकलेला एक माणूस मला माहीत आहे. मग तुमच्या पहिल्या फेरीची हकीकत सांगितली. मुलं खूप हसली. नंतर हसायची थांबली.

इथे माझ्या हाताखाली प्रयोग होतील त्यांना मी एक नियम लावला आहे. शेवटचं वजन होऊन सही झाली की ब तुकडीला त्याच मिनिटाला पावडर. कुणी विचारलं तर सांगतो, शास्त्रात असं कुठे लिहिलेलं नाही, रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे.

आता एक गोष्ट कळवायची राहिली आहे. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, हे तुमचंच म्हणणं, म्हणून ती झाली असं ठरायला मला लिहावी लागते. दुसऱ्या फेरीच्या पहिल्या दिवसापासून काकू तुमच्या मक्याच्या पिठात भाजलेल्या सोयाबीनचं पीठ मिसळत होत्या. मक्याचं पीठ पिवळं, त्यात ते दिसत नाही. मी डोळ्यांनी बघितलं होतं आणि तुम्हाला कळवलं नाही. तुमचं वजन फौजी हाडामुळे टिकलं नव्हतं. तुम्ही सहाही आठवडे अ तुकडीत होता. काकूंना रागावू नये. विचारलं असतंत तर त्यांनी सांगितलं असतं.

ही नोंद त्या त्या तारखेला जाऊन करावी, ही विनंती. गुन्ह्यात मीही सामील आहे. सजा सांगाल ती मान्य.

काल कॉलेजच्या खाद्यगोदामातल्या काट्यावर उभा राहिलो. वजन एकसष्ट किलो भरलं. अंडी चालू आहेत, दोन्ही मीच खातो. इथे कुत्रा नाही.

शेऱ्याचा रकाना मोकळा सोडला आहे. तो तुम्ही भरायचा.

आपला,
नग पंचवीस